पाणी कोण मारणार? : घर बांधणाऱ्या कुटुंबांचे प्रश्न

पूर्ण ठेका न देता, घरातल्यांनीच राबून आणि लक्ष ठेवून घर बांधणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पाया, कॉलम, बीम आणि स्लॅब यांची मापं व सळया स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवून दिल्या आहेत आणि त्याची ड्रॉइंगं तुमच्या हातात आहेत, असं धरून ही उत्तरं दिली आहेत. ती नसतील तर आधी ती करून घ्या. काटकसर करायला पुढे भरपूर जागा आहेत.

प्रश्न : सासऱ्यांनी वहीच्या पानावर आराखडा काढलाय. ४८ फूट लांब, १२ फूट रुंद, सगळ्या खोल्या एका ओळीत. खर्चाच्या दृष्टीने हे बरोबर आहे का?

उत्तर : प्लॉटच चिंचोळा असेल तर इलाज नाही. जागा मोकळी असेल तर वहीचं पुढचं पान उघडा. ४८ बाय १२ म्हणजे ५७६ चौरस फूट आणि बाहेरच्या भिंतीची लांबी १२० फूट. तेच ५७६ चौरस फूट २४ बाय २४ मध्ये बसवले तर बाहेरची भिंत ९६ फूट होते. जागा तेवढीच, पण २४ फूट भिंत, तिच्याखालचं जोतं, तिचा दोन्ही बाजूंचा गिलावा आणि रंग वाचतो. चौरस घराला मधोमध बीमची एक रांग लागते, म्हणून ही सगळी बचत हातात राहत नाही. तरी पारडं बहुधा चौरसाकडेच झुकतं. सासऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर त्यांच्याच हातात द्या.

स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास शक्यतो एकाच भिंतीच्या दोन बाजूंना घ्या. पाइप कमी, चेंबर कमी, आणि पुढे गळती झालीच तर शोधायची जागाही एकच.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, दोघी जावा, बाबा आणि कॉलेजात जाणारा पुतण्या. आठवड्याचे दोन दिवस पूर्ण आणि एरवी सकाळ-संध्याकाळ तासभर देऊ शकतो. मजुरी वाचवायला कोणती कामं अंगावर घ्यावीत? दादा म्हणतो, विटा आपणच लावू.

उत्तर : दादांना सध्या विटांपासून लांब ठेवा. वीटकाम दिसायला सोपं असतं, पण भिंत ओळंब्यातून अर्धा इंच सुटली की तो फरक गिलाव्याने भरून काढावा लागतो. मग सिमेंट-वाळूही जाते आणि गवंड्याचा दिवसही. हात बसवायचाच असेल तर कुंपणाच्या भिंतीवर बसवा.

अंगावर घ्यायची ती अंगमेहनतीची, चिकाटीची आणि मोजणीची कामं. वाळू चाळणं, विटा आदल्या दिवशी भिजवून ठेवणं, आलेला माल मोजून उतरवून घेणं, वायरिंगच्या खाचांतला राडारोडा काढणं, टाइल्सचे सांधे भरणं, पुट्टी, रंग. जोत्यातला भराव तर घरच्यांनीच करावा. मजूर डंपर रिकामा करून वरवर सपाट करतात, आणि वर्ष-दोन वर्षांत फरशी भिंतीच्या कडेने खाली बसते. १५ ते २० सेंटिमीटरचा थर पसरायचा, पाणी शिंपडायचं, धुमसाने ठोकायचा, धुमस मारल्यावर आवाज ठणठणीत येऊ लागला की पुढचा थर. दोन शनिवार-रविवार लागतील. त्या फरशीवर पुढची चाळीस वर्षं चालायचं आहे.

दुसरं काम कव्हर ब्लॉकचं, म्हणजे सळईखाली ठेवायच्या छोट्या सिमेंटच्या ठोकळ्यांचं. सळई आणि सेंट्रिंगची (काँक्रीट ओतण्यासाठी उभारलेल्या तात्पुरत्या साच्याची) प्लेट यांच्यात अंतर राहिलं नाही तर स्लॅबच्या पोटाला सळई उघडी पडते, गंजते, गंजताना फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे पाडते. हे अंतर स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४० आणि पायाच्या फुटिंगला ५० मिमी असं सर्वसाधारणपणे धरतात. ड्रॉइंगवर वेगळं असेल तर ते पाळा. साइटवर ऐन वेळी खडीचा तुकडा किंवा टाइलचा कपचा सळईखाली सरकवला जातो, तो काँक्रीट ओतताना निसटतो. घरी करायचे तर सपाट फळीवर प्लास्टिक अंथरा, चारी कडांना हव्या त्या जाडीच्या पट्ट्या ठोका, एकास दोन प्रमाणातला सिमेंट-वाळूचा घट्ट माल त्यात दाबून भरा. तासाभराने करणीने दोन-दोन इंचांचे चौकोन कापा आणि प्रत्येकात बांधणीच्या तारेचा यू आकाराचा तुकडा, दोन्ही टोकं वर राहतील असा खोचा. दुसऱ्या दिवशी सुटे करून आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा. स्लॅबला साधारण दर तीन फुटांवर एक, असा हिशोब धरून थोडे जास्तच करा. हे काम आजोबा आणि नातू अंगणात बसून करू शकतात, आणि माल विकतच्यापेक्षा वाईट होत नाही.

सेंट्रिंग, सळया बांधणं, स्लॅब आणि विजेचं मुख्य कनेक्शन मात्र जाणत्यांकडेच द्या.

प्रश्न : लाइनआउट (जमिनीवर भिंतींची आखणी) आम्हीच केलं. गवंड्याचा गुण्या (काटकोन पाहायची पट्टी) लावून चारही कोपरे पाहिले, तरी समोरासमोरच्या भिंती समांतर येत नाहीत.

उत्तर : गुण्याची भुजा दोन फुटांची, भिंत तीस फुटांची. गुण्या लावताना दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की तीस फुटांवर तीस मिलिमीटर होतात. लांब रेषेला लांबच त्रिकोण लागतो. एका कोपऱ्यातून एका दोरीवर ९ फूट आणि दुसरीवर १२ फूट खूण करा. दोन्ही खुणांमधलं अंतर बरोबर १५ फूट आलं तर काटकोन. शेवटी दोन्ही कर्ण मोजा. २४ बाय ३० च्या घराला दोन्ही ३८ फूट ५ इंच यायला हवेत. टेप स्टीलचा घ्या आणि दोघांनी ताणून धरा, कापडी टेप ताणला की लांबतो.

खुंट्या खोदकामाच्या कडेला ठोकू नका, पहिल्याच दिवशी उपटल्या जातात. दोन-तीन फूट बाहेर ठोका, म्हणजे पाया खोदल्यावर दोरी पुन्हा त्याच रेषेवर ताणता येते. लेव्हलसाठी पारदर्शक नळीत पाणी भरून वापरा. नळीत एकही बुडबुडा नको आणि टोकावर अंगठा दाबलेला नको. नव्यांच्या लेव्हल चुकतात त्या बहुधा याच दोन कारणांनी.

प्रश्न : एकदम घेतलं तर सिमेंट स्वस्त पडतंय. सगळं आत्ताच भरून ठेवू का?

उत्तर : नको. तीन महिन्यांत साठवलेल्या सिमेंटची ताकद बरीच उतरते, दमट हवेत त्याहून लवकर. पुढच्या तीन-चार आठवड्यांपुरतं घ्या. अंदाजासाठी : ५०० चौरस फुटांची, पाच इंच जाडीची स्लॅब म्हणजे सुमारे ५.९ घनमीटर काँक्रीट. एकास दीडास तीन (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाला घनमीटरमागे आठ पोती, म्हणजे बीम सोडून ४७ पोती. आतल्या गिलाव्याला शंभर चौरस फुटांमागे साधारण एक पोतं. पोती फळ्यांवर, जमिनीपासून अर्धा-पाऊण फूट उंच आणि भिंतीपासून फूटभर लांब रचा. दहापेक्षा जास्त थर नकोत, खालची दाबाने गच्च होतात. आधी आलेलं आधी वापरायचं. बोटांनी न फुटणारे खडे झाले असतील तर ते पोतं कॉलम-स्लॅबला लावू नका.

प्रश्न : काँक्रीट कालवताना पाणी किती घालायचं यावरून रोज वाद होतो. मिस्त्री म्हणतात, पातळ केल्याशिवाय कॉलममध्ये उतरत नाही.

उत्तर : पातळ केलं की उतरतं हे खरं, पण ताकदही उतरते. सिमेंटला घट्ट व्हायला लागतं त्यापेक्षा जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. त्यातून काँक्रीट कमजोर होतं आणि पुढे पाणी पाझरतं. ५० किलोच्या पोत्याला २५ लिटर हा धरायचा आकडा. साडेसत्तावीसच्या वर जाऊ देऊ नका. मिक्सरशेजारी खुणा केलेली बादली ठेवा आणि ती घरच्या माणसाच्या हातात असू द्या. पाइपने पाणी सोडायला सक्त मनाई.

वाळू ओली असेल तर हिशोब दोन ठिकाणी चुकतो. एका पोत्याच्या काँक्रीटला लागणाऱ्या वाळूत तीन-चार लिटर पाणी सहज दडलेलं असतं. ते २५ मधून वजा करायचं. आणि ओलसर वाळू फुगते, म्हणून घमेली मोजून घातली तर प्रत्यक्षात वाळू कमी पडते. तपासायला सरळ उभ्या कडांची काचेची बरणी घ्या. त्यात २० सेंटिमीटर ओलसर वाळू भरा, बाहेर काढा, बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, वाळू परत टाकून ढवळा आणि बसू द्या. १६ सेंटिमीटरवर बसली तर वाळू २५ टक्के फुगलेली होती. तीन मापांच्या जागी पावणेचार घ्या. हीच बरणी खळखळून हलवून दोन-तीन तास ठेवली तर वर गाळाचा थर दिसतो. तो वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त भरला तर वाळू धुवून घ्या किंवा परत पाठवा.

घमेल्याने माप घेऊच नका. एक सपाट भरलेलं, एक शिगोशीग. लाकडी फर्मा करा. आतून ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा फर्मा म्हणजे ३५ लिटर, बरोबर एका पोत्याएवढा. पण खडीने भरला तर पन्नास किलोच्या वर जातो. उंची निम्मी करा आणि एकास दीडास तीनला पोत्यामागे तीन फर्मे वाळू, सहा फर्मे खडी घाला.

राहिला मिस्त्रींचा मुद्दा. सळयांच्या दाटीत माल उतरत नसेल तर बारीक खडी वापरण्याबद्दल इंजिनिअरला विचारा, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) घाला आणि व्हायब्रेटर भाड्याने आणा. व्हायब्रेटरची सुई उभी बुडवायची, बुडबुडे थांबले की हळू वर काढायची. तिने काँक्रीट आडवं ढकललं तर खडी एकीकडे आणि लगदा एकीकडे होतो.

प्रश्न : सळयांमध्ये बचत कुठे करता येईल? आणि वजन बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर : व्यासाचा वर्ग भागिले १६२, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. ८ मिमीची सळई ०.३९५ किलो, १० मिमीची ०.६२, १२ मिमीची ०.८९, १६ मिमीची १.५८. म्हणजे १२ मीटरची अख्खी १२ मिमीची सळई १०.७ किलोच्या आसपास भरायला हवी. थोडाफार फरक चालतो, पण नगांवर घेतलेल्या सळया भरपूर हलक्या भरल्या तर व्यासच मार खातोय.

बचत फक्त कटिंगमध्ये. ड्रॉइंगवरून आधी सगळ्या लांब्या लिहून काढा आणि १२ मीटरमध्ये कोणते तुकडे जोडीने बसतात ते कागदावर जुळवा. उरलेल्या तुकड्यांच्या खुर्च्या (वरच्या सळईला उचलून धरणारे वाकवलेले टेकू) करा. रिंगांमधलं (मुख्य सळयांभोवतीच्या कड्यांमधलं) अंतर वाढवणं, सांध्यावरची लांबी कमी करणं ही बचत नव्हे. रिंगांचे हूक काटकोनात वाकवून सोडलेले दिसले तर ते आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे १३५ अंशांत वळवून घ्या. जोराचा धक्का बसला की काटकोनातला हूक उघडतो.

बाल्कनी आणि छज्ज्याकडे वेगळं लक्ष द्या. तिथे ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वर असते. स्लॅबच्या दिवशी माणसं घमेली घेऊन नेमकी तिच्यावरून ये-जा करतात, सळई खाली दबते, आणि सेंट्रिंग काढल्यावर बाल्कनी मुळाशी तडकते किंवा सरळ खाली येते. सळईखाली दोन-दोन फुटांवर खुर्च्या ठेवा, चालायला फळ्या टाका आणि काँक्रीट पडेपर्यंत घरातलं एक माणूस फक्त याच कामाला उभं करा.

प्रश्न : पाणी मारायला वेगळा माणूस ठेवायची ऐपत नाही. सकाळ-संध्याकाळ पाइप मारला तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. माणूस मात्र ठेवायची गरज नाही. सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं आणि संध्याकाळपर्यंत काँक्रीट कोरडं राहतं. सिमेंट घट्ट होतं ते वाळून नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन. पाणी संपलं की ती क्रिया थांबते आणि पृष्ठभागाला भेगा पडतात. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित पीपीसी सिमेंटला किमान १०. कोरड्या उन्हाळी हवेत अनुक्रमे १० आणि १४ दिवस सतत ओलं ठेवायचं. सतत म्हणजे रात्रीसुद्धा.

स्लॅब ओतून संपते त्याच दुपारी ऊन-वारा असेल तर काही तासांतच बारीक भेगा उमटतात, म्हणून पृष्ठभाग बोटाला घट्ट लागू लागला की ओली पोती किंवा प्लास्टिक अंथरा. दुसऱ्या दिवशी कमी सिमेंटच्या मालाची दोन-तीन इंच उंच आळी घालून तीन-चार फुटांचे वाफे करा आणि त्यांत इंचभर पाणी भरा. ५०० चौरस फुटांना पहिल्या भरणीला सुमारे १२०० लिटर लागतं, तेव्हा टाकीची सोय स्लॅबच्या आधी करा. वाफे केले की कामाला दिवसातून दोनदा डोकावणं पुरतं. आटलेला वाफा भरायचा, फुटलेली आळी दुरुस्त करायची. उभ्या कॉलमवर पाणी टिकत नाही. त्यांना पोतं गुंडाळून सुतळीने बांधा आणि पोतं ओलं ठेवा.

भिंतीवर पाळीचा कागद लावा, वेळ आणि सही. घरात पाणी मारण्यावरून जी भांडणं होतात ती बहुतेक 'मला वाटलं तू मारलंस' अशीच असतात.

प्रश्न : सेंट्रिंगवाला पाचव्या दिवशी प्लेटा मागतोय. भाडं चढतंय म्हणतो.

उत्तर : द्या, पण टेकू सोडून. कॉलमच्या बाजूच्या प्लेटा दुसऱ्या दिवशीही निघतात. स्लॅबखालच्या प्लेटा, टेकू लगेच परत लावायच्या बोलीवर, तीन दिवसांनी काढता येतात. टेकू मात्र साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) ७ दिवस, त्यापुढे १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ दिवस आणि त्याहून लांब असेल तर २१. हे साध्या सिमेंटचे आणि उबदार हवेतले किमान आकडे. पीपीसी असेल किंवा थंडी असेल तर इंजिनिअरला विचारून वाढवा. टेकू काढायचे ते गाळ्याच्या मधून सुरू करून आधाराकडे. बाल्कनीचे उलट, मोकळ्या कडेकडून भिंतीकडे. आणि ताज्या स्लॅबवर विटांचा ट्रक उतरवू नका.

प्रश्न : गिलाव्यानंतर कॉलम आणि भिंत मिळतात तिथेच उभी चीर का पडते?

उत्तर : काँक्रीट आणि वीट तापल्या-निवल्यावर वेगवेगळी हलतात. गिलाव्याआधी सांध्यावर फूटभर रुंद कोंबडीजाळी ताणून ठोका, दोन्हीकडे सहा-सहा इंच येईल अशी. कॉलमला टाचे मारा (छिन्नीने खडबडीत करा), गुळगुळीत काँक्रीट गिलाव्याला धरून ठेवत नाही. दोन्ही कामं घरच्यांना जमतात. हात लागलेलाच आहे तर गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो घ्या, पाइप आणि वायर कुठून गेलीत ते दिसेल असा. पुढे खिळा ठोकताना तो कामी येतो.

प्रश्न : न्हाणीघराची गळती टाइल्स बसवल्यावर कळते. आधी कशी ओळखायची?

उत्तर : वॉटरप्रूफिंग झाल्यावर जाळीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. पातळीची खूण भिंतीवर करा, खालून आणि बाहेरून ओल पाहा. पाइपही भिंतीत बुजवण्याआधी दाबाखाली तपासून घ्या. उतार जाळीकडे ऐंशीस एक, म्हणजे सहा फुटांना साधारण इंचभर. सांडपाण्याच्या चार इंची पाइपला चाळिसास एक, दहा फुटांना तीन इंच.

प्रश्न : स्लॅब झाली आणि पैसे संपले. आता वर्षभर थांबावं लागेल. काय करून थांबू?

उत्तर : थांबायला ही जागा वाईट नाही. पैसे जोत्यावर संपले असते तरी चाललं असतं. अर्ध्या भिंतींवर थांबणं सगळ्यात महाग, कारण उघड्या विटांच्या माथ्यातून पाणी मुरत राहतं. हातात थोडे पैसे असतील तर ते या क्रमाने लावा : स्लॅबच्या वरचा उतार आणि वॉटरप्रूफिंग, मग बाहेरचा गिलावा, मग एक संडास-न्हाणीघर आणि एक खोली राहण्याजोगी. आतली पुट्टी, कपाटं, जिन्याचा ग्रॅनाइट हे सगळं थांबू शकतं. दारांच्या जागी तात्पुरते पत्रे चालतात, चौकटी मात्र आत्ताच बसवा.

वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळया तशाच उघड्या ठेवू नका. तारेच्या ब्रशने घासून सिमेंटच्या दाट घोळाचे दोन हात द्या आणि भोवती कच्च्या काँक्रीटचा ठोकळा ओता, पुढे फोडता येईल असा. वर काँक्रीटचा ठोकळा उतरता ठेवा, म्हणजे सळयांच्या मुळाशी पाणी साचत नाही. जिथे लहान मुलं गच्चीवर जातात तिथे हे काम आधी करा.